मदत हवी आहे : शीआनच्या हान यांगलिंगला कुणी गेलं आहे का?

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन चीनमधल्या शीआनला जातेय. मातीच्या सैन्यासाठी (टेराकोटा आर्मी) एक दिवस ठेवलाच आहे, पण माझा जीव अडकलाय तो हान यांगलिंगमध्ये, म्हणजे हान घराण्यातल्या सम्राट जिंगच्या समाधीत. तो इ.स.पू. १४१ मध्ये वारला. त्याच्यासोबत पुरलेल्या मूर्ती जेमतेम दोन फुटांच्या, उघड्या, बिनहातांच्या. मुळात त्यांना लाकडी हात आणि खऱ्या कापडाचे कपडे होते. ते कुजून गेले, चेहऱ्यावरचं मंद हसू तेवढं उरलं. शिवाय मातीच्या गाई, डुकरं, कुत्री, कोंबड्यासुद्धा! मेल्यावरही गोठा भरलेला हवा, ही ओढ मला फार आपली वाटते.

आईचे गुडघे दुखतात. या मूर्तींच्या खंदकांवरच्या काचेवरून किती चालावं लागतं? व्हीलचेअर मिळते का? शहरातून टॅक्सी बरी की बस?