हेलियमची टंचाई: खरी की बागुलबुवा?

निरभ्र: हेलियम संपतंय म्हणून गळे काढणं पुरे. विश्वात हायड्रोजनच्या खालोखाल हेच मूलद्रव्य. २०१६ मध्ये टांझानियात रुक्वा भागात मोठा साठा सापडला. टंचाई व्यापाऱ्यांनी उठवलेली आहे.

चार_केल्विन: ताऱ्यांतल्या हेलियमचा इथे काय उपयोग? आपल्याला मिळतं ते युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सारी ऱ्हासातून कोट्यवधी वर्षं खडकांत साठलेलं, नैसर्गिक वायूबरोबर वर येणारं. हवेत दहा लाख भागांत जेमतेम ५, तेही हळूहळू अवकाशात निसटतं. मी प्रयोगशाळेत क्रायोस्टॅट चालवतो, म्हणजे द्रव हेलियमने नमुने अतिथंड ठेवणारं यंत्र. भरताना एक सील गळलं, द्रव हेलियमचं पुढचं देवार (थर्मासारखं भांडं) वेळेत आलं नाही, विद्यार्थिनीचं अख्खं सत्र बुडालं. ४.२ केल्विनला (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस) उकळणारं दुसरं काही दाखवा, मग बोलू.

माणिक: आणि लोक ते वाढदिवसाच्या फुग्यांत भरतात! बंदी घाला.

रंगीत_दोरी: सजावट हे माझं पोट आहे. एकूण वापरात फुग्यांचा वाटा लहान. एमआरआय यंत्राचं हेलियमने थंड ठेवलेलं चुंबक क्वेंच झालं, म्हणजे अचानक तापून बंद पडलं, की शेकडो लिटर द्रव हेलियम काही मिनिटांत वाफ होऊन नळीतून बाहेर, त्यावर कोणी ब्र काढत नाही. आणि हायड्रोजन भरा म्हणणाऱ्यांनी फुगा पेटून भाजलेलं पोर बघावं. मी बघितलंय.

चुंबक: क्वेंच हौसेने करतात का? ऑक्सिजनचं सिलिंडर चुंबकाकडे खेचलं गेलं, माणूस मध्ये चेंगरला, चुंबक बंद करायला मी क्वेंचचं बटण दाबलं. उद्याही दाबेन. जीव आणि सजावट एका तागडीत तोलू नका. नव्या सीलबंद चुंबकांना १,५०० च्या जागी ७ लिटर पुरतात, तेवढी तरी माहिती घ्या.

रंगीत_दोरी: जिवाबद्दल वाद नाही. पण प्रयोगशाळा उकळून जाणारं हेलियम पकडून पुन्हा द्रव का करत नाहीत?

चार_केल्विन: पुष्कळ ठिकाणी करतात. आमच्याकडे ती यंत्रणा नाही, मंजुरीच मिळत नाही. एवढं तुमचं बरोबर.

निरभ्र: फुगे सोडा! अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने टेक्सासचा सरकारी साठा विकायला काढला. भाव ठरला जुनं कर्ज फेडण्याच्या हिशोबाने. त्या स्वस्ताईत जगाने उधळपट्टी केली. ही टंचाई माणसाने केलेली.

चार_केल्विन: आधी व्यापारी, आता सरकार. म्हणजे टंचाई आहे, हे मान्य? २०१७ मध्ये कतारची नाकेबंदी झाली तेव्हा तिथले दोन्ही हेलियम प्रकल्प बंद पडले. असा मोजक्या ठिकाणांवर टांगलेला पुरवठा आहे.

निरभ्र: पुरवठ्याची अडचण आहे. संपलेलं नाही.

माणिक: फुग्यांचं राहिलंच.

रंगीत_दोरी: कमानींना मी साधी हवाच भरते. तरंगते फुगे गिऱ्हाईक हट्टाने मागतं. बंदी आणा, मला चालेल, फक्त सगळ्यांना एकदम लागू करा.