मदत हवी आहे: विवाहाआधी 'येशूच्या नावाने' पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का?

सर्वांना सप्रेम सलाम.

माझ्या धाकट्या बहिणीचा विवाह ठरला आहे. आमचे कुटुंब चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आहे. तिचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला आणि मोठेपणी दृढीकरणही (स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झाले. मुलाकडील मंडळी पेंटेकॉस्टल असून केवळ 'प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने' बाप्तिस्मा देणाऱ्यांपैकी आहे. 'पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने' झालेला बाप्तिस्मा आपण मानत नाही, तेव्हा लग्न लावण्याआधी मुलीने पुन्हा पाण्यात उतरावे, असे त्यांच्या पाळकांचे म्हणणे आहे. शिंपडावे की बुडवावे हा वाद मला येथे नको आहे, कारण त्रैक्याचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे) शब्द उच्चारून बुडवलेल्यांनाही ते पुन्हा बाप्तिस्मा देतात.

पाळकांनी प्रेषितांच्या कृत्यांतील २:३८, ८:१६, १०:४८ आणि १९:५ ही वचने दाखवली. चारही ठिकाणी येशूचेच नाव आहे, हे मान्य. परंतु मत्तय २८:१९ मधील आज्ञा प्रभूच्याच मुखातील आहे. शिवाय 'डिडाखे' या आद्य मंडळीच्या ग्रंथात सातव्या अध्यायात त्रैक्याचे शब्द उच्चारून बाप्तिस्मा द्यावा, पुरेसे पाणी नसेल तर मस्तकावर तीनदा ओतावे, असे सांगितले आहे, आणि त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात अशा लोकांना प्रभूच्या नावाने बाप्तिस्मा झालेले म्हटले आहे. लिहिणाऱ्याला या दोहोंत विरोध दिसलेला नाही, मग आपल्याला तो का दिसावा?

बहिणीची स्वतःची फारशी हरकत नाही. आईबाबांना मात्र तिच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर कोणी काट मारत आहे असे वाटते. हा दुसरा बाप्तिस्मा घेणे म्हणजे पहिला नाकारणे ठरते का, आणि लग्न न मोडता यातून मार्ग कसा काढावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

ताई, तुमच्या आईबाबांना जे वाटते ते अवाजवी नाही. या मंडळ्यांत शब्द बदलतात ते शिकवण निराळी असल्यामुळे: पिता, पुत्र व आत्मा या तीन व्यक्ती नसून त्या एकाच देवाचे नाव येशू आहे, असे त्या मानतात. १९१३ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या एका शिबिरातील उपदेशातून या मताला चालना मिळाली, पुढच्याच वर्षी पुनर्बाप्तिस्मे सुरू झाले, आणि १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेने त्रैक्याची शिकवण लेखी स्वीकारल्यावर हा गट वेगळा झाला. म्हणजे पेंटेकॉस्टल मंडळ्यांतही हे सर्वांचे मत नव्हे.

आपल्या बाजूने पाहिले तर १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, त्यांत बॅप्टिस्टही होते. बालकांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले. जागतिक चर्च परिषदेच्या १९८२ च्या लिमा मसुद्यात तर बाप्तिस्मा पुन्हा होत नाही आणि पुनर्बाप्तिस्मा भासेल अशी प्रथा टाळावी, असे स्पष्ट म्हटले आहे. (शब्दांबाबत काटेकोर केवळ मुलाकडील मंडळीच आहे असे नाही. 'मी' ऐवजी 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असे म्हणून दिलेला बाप्तिस्मा व्हॅटिकनने २०२० मध्ये अवैध ठरवला.)

कायद्याने पुनर्बाप्तिस्म्याची गरज नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात ख्रिस्ती धर्म मानणारी व्यक्ती म्हणजे ख्रिस्ती, इतकेच अपेक्षित आहे. कोणत्या शब्दांनी बाप्तिस्मा झाला हे तो विचारत नाही. त्यामुळे लग्न तुमच्या चर्चमध्ये लावण्याचा प्रस्ताव आधी मांडा. बाप्तिस्म्याची दोन्ही वाक्ये (त्रैक्याचे आणि येशूच्या नावाचे) एकापाठोपाठ उच्चारण्याचा तोडगा कोणी सुचवेल. मला तो पटत नाही, कारण त्याने दोन्ही बाजूंचे समाधान होत नाही.

आणि पाळकांना एक गोष्ट नेमकी विचारा: पाण्यात उतरण्यापूर्वी बहिणीकडून कोणती कबुली घेतली जाईल? ती लेखी मागून घ्या, तुमच्या पाळकांना दाखवा आणि बहिणीला एकटीने, सासर-माहेर दोन्ही समोर नसताना, वाचू द्या. विवाहाची सूचना चर्चमध्ये वाचली जाण्याआधी हे झाले पाहिजे. नंतर नकार देणे तिला जड जाईल.