मदत हवी आहे: डंकरी बीकनवरून हॉर्नर वुडमध्ये सायकलने उतरायचंय

मंडळी, ऑगस्टच्या शेवटी लेकीला घेऊन इंग्लंडमधल्या एक्समूर नॅशनल पार्कात माउंटन बाइकिंगला जायचं ठरतंय. ती चौदा वर्षांची आहे. वेबर्स पोस्टला गाडी लावून डंकरी बीकनवर चढायचं (५१९ मीटर, सॉमरसेटमधला सर्वांत उंच माथा) आणि मग हॉर्नर वुडच्या जुन्या ओकच्या जंगलातून ओढ्यापर्यंत उतरायचं, असा बेत आहे. त्या दिवसांत माळ हीदरच्या फुलांनी जांभळा झालेला असतो, तो तिला दाखवायचाच आहे.

सायकल ब्रायडलवेवर, म्हणजे निळ्या बाणाच्या घोडेवाटेवर चालते आणि पिवळ्या बाणाच्या पायवाटेवर नाही, एवढं पक्कं माहीत आहे. घोडेस्वार आणि चालणाऱ्यांना आधी वाट द्यायची, हेही. एक्समूरचा ओएल ९ नकाशा (ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचा) घेतलाय. पण नकाशावरून उताराचा पोत कळत नाही ना!

माथ्यावरून जंगलात उतरणाऱ्या घोडेवाटांपैकी नवशिक्याला झेपेल अशी कोणती? सुटे दगड कुठे लागतात, ओल्या मुळांवरून कुठे घसरायला होतं? आमच्या दोन्ही सायकलींना फक्त पुढे सस्पेन्शन आहे, तेवढ्यावर भागेल का? आणि ओढा ओलांडायला पूल आहे की सायकल खांद्यावर घ्यावी लागते?

मागच्या वर्षी दुसरीकडे एका उतारावर ती पडली, मनगट दुखावलं. तेव्हापासून उतार दिसला की ब्रेक दाबूनच धरते. म्हणून प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनी सविस्तर सांगा, प्लीज.