आठ महिन्यांत गिझरची दुसरी कॉइल गेली, बेळगावचं पाणी एवढं जड कधीपासून झालं? मदत हवी आहे

चैत्रपालवी:
गेल्या वर्षी टिळकवाडीतून अनगोळला फ्लॅटमध्ये राहायला आलो. तेव्हापासून गिझरची कॉइल दोनदा बदलली. काल मेकॅनिकने जुनी कॉइल काढून हातात दिली. तिच्यावर करंगळीएवढा जाड पांढरा थर होता, नखाने उचकटला तर अंड्याच्या टरफलासारखे तुकडे पडले. तूरडाळ सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणा वेगळा. स्टीलच्या पिंपात आतून पांढरी वर्तुळं, माझे केस राठ. टिळकवाडीत पंधरा वर्षांत असं कधी झालं नाही. कोणता फिल्टर बसवू ते कृपया लवकर सांगा, घरात लहान मूल आहे आणि सध्या अंघोळीचं पाणी गॅसवर तापवतेय.

गणपतगल्ली:
डोळे झाकून आर.ओ. घ्या. आमच्याकडे सहा वर्षं आहे, पाणी मिनरल वॉटरसारखं लागतं.

मार्कंडेयकाठ:
आर.ओ. स्वयंपाकघरात बसतो, गिझर बाथरूममध्ये आहे. त्याने कॉइल कशी वाचणार? ताई, आधी हे सांगा, पाणी नळाचं की बोअरचं?

चैत्रपालवी:
नळाचंच. नळ सोडला की येतं ते. फिल्टरचं सांगा ना कोणीतरी.

पाणीखाते_निवृत्त:
शहराला पाणी दोन ठिकाणांहून येतं. राकसकोप धरणातून मार्कंडेय नदीचं, हिडकल धरणातून घटप्रभेचं. दोन्ही पावसाचं, जमिनीवरून वाहत आलेलं. खडकात मुरून राहिलेलं नाही, त्यामुळे त्यात चुना फार विरघळत नाही. राकसकोप २४७५ फुटांवर भरलं की आमच्या जिवात जीव यायचा, ते दिवस अजून आठवतात. त्या पाण्याने करंगळीएवढा थर आठ महिन्यांत बसत नाही, हे मी खात्रीने सांगतो. तुमच्या टाकीत पाणी कुठून चढतं ते बघा.

शहापूरची_मावशी:
डाळीचं मी सांगते. तूरडाळ तासभर भिजत घाल, शिजताना चिमूटभर सोडा टाक, लोण्यासारखी शिजते. आमच्या आईच्या वेळी विहिरीच्या पाण्यात डाळ शिजायची नाही म्हणून डाळीपुरती एक घागर गोड्या पाण्याची बाजूला ठेवत असत.

गणपतगल्ली:
जड पाण्याने मुतखडा होतो, हे कोणी बोलतच नाही. माझ्या मेहुण्याला झाला होता.

रसायन_मास्तर:
ते सिद्ध झालेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याच्या आय.एस. १०५०० या मानकानुसार लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा स्वीकार्य, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. लोक टी.डी.एस.ची पेन बुडवून जडपणा मोजला असं समजतात, ते चूक. टी.डी.एस. म्हणजे विरघळलेलं सगळंच. जडपणा म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. त्यासाठी वेगळी तपासणी असते, लाल झालेलं पाणी थेंब थेंब औषध घालून निळं होईपर्यंत मोजायचं. बायकार्बोनेट असेल तर तापवल्यावर ते कार्बोनेट होऊन कॉइलला चिकटतं. तुमचा थर तोच.

निपाणीकर:
आमच्याकडे जवाहर तलावाचं पाणी, कॉइल बदलायची वेळ आली नाही. पण केस तरी गळतातच. पाण्याचा दोष की शाम्पूचा?

शहापूरची_मावशी:
केसांना रिठे लाव. आणि विहिरींना नावं ठेवू नका. १९२४ ला गांधीजी अध्यक्ष होते त्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर अजून उभी आहे. बेळगाव विहिरींवरच जगलंय. त्या बुजवून सगळ्यांनी बोअर मारल्या, हे मला बघवत नाही.

मार्कंडेयकाठ:
मावशी, विहिरीला कोणी नावं ठेवली नाहीत. उथळ विहिरीत पावसाचं पाणी मुरतं, तीन-चारशे फुटांच्या बोअरचं पाणी कित्येक वर्षं खडकात बसलेलं असतं. म्हणूनच पहिल्यापासून विचारतोय. ताई, खाली संप, म्हणजे जमिनीतली टाकी, आहे का? त्यात काय काय पडतं?

चैत्रपालवी:
वॉचमनला विचारलं. खाली संप आहे. कॉर्पोरेशनचं पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येतं, ते त्यातच पडतं. मधल्या दिवसांत बोअरची मोटर चालू करून संप भरतात आणि तेच वर टाकीत चढवतात. म्हणजे आमच्या नळाला बोअरचंच पाणी येतंय! घर घेताना बिल्डरने 'चोवीस तास पाणी' एवढंच सांगितलं होतं. मला फार राग आलाय. पण तरी करायचं काय?

गणपतगल्ली:
तुरटी फिरवा टाकीत.

पाणीखाते_निवृत्त:
तुरटीने गाळ खाली बसतो, विरघळलेला चुना नाही. आधी आज रात्री एक करा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत संपात पडणाऱ्या कॉर्पोरेशनच्या पाइपचं पाणी, दुसरीत टाकीचं. दोन्हीत कपडे धुण्याच्या साध्या साबणाचा चुरा सारखाच टाका आणि हलवा.

चैत्रपालवी:
केलं. पाणी रात्री दीडला आलं, म्हणून जागी राहिले. पहिल्या बाटलीत फेस बाटलीच्या गळ्यापर्यंत आला. दुसरीत ताकासारखं गढूळ झालं आणि वर दह्यासारखे कण तरंगले. नवऱ्याला उठवून दाखवलं. टाकीच्या पाण्याचा लॅबचा रिपोर्टही आज मिळाला, जडपणा ४६०.

रसायन_मास्तर:
मग सगळ्या घराला सॉफ्टनर, म्हणजे जडपणा काढणारं यंत्र, बसवता येईल. त्यातलं रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून सोडियम सोडतं, ते मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. घरात कोणाला बी.पी. असेल तर ते पाणी पिण्याला नको. मिठाचं पाणी कुंड्यांत सोडू नका.

मार्कंडेयकाठ:
एवढा खर्च कशाला? सोसायटीकडून लेखी परवानगी घ्या, कॉर्पोरेशनच्या पाण्यासाठी पाचशे लिटरची वेगळी टाकी ठेवा, स्वयंपाकघर आणि गिझर तिच्यावर जोडा. बाकी संडास, फरशी बोअरवर चालू द्या.

चैत्रपालवी:
प्लंबर उद्या येतोय. कमिटीत दोघे तयार आहेत, तिसरे म्हणतात सगळ्यांनी केलं तर संपात काय उरणार. त्यांचंही चूक नाही. तोपर्यंत नव्या कॉइलचं काय करू?

पाणीखाते_निवृत्त:
गिझर पन्नास-पंचावन्न डिग्रीवरच ठेवा, साठच्या वर थर जास्त बसतो. तीन महिन्यांनी मेन स्विच बंद करून मेकॅनिककडून कॉइल काढून घ्या. कोमट पाण्याच्या प्लॅस्टिक बादलीत लिंबूसत पाच-सहा चमचे टाका आणि ती अर्धा दिवस बुडवून ठेवा. बुडबुडे येतील. ते थांबले की स्वच्छ धुऊन बसवा.

निपाणीकर:
लिंबूसत केसांना चालतं का?