बँकेची ‘लिंक’ आणि मोबाइलवरची ‘लिंक’

लालबाग

मंडळी, एका शब्दावर तुमचं मत हवंय. शब्द आहे ‘लिंक’.

गेल्या सोमवारी आई पासबुक भरून घ्यायला बँकेत गेली होती. तासभर रांगेत उभी राहिली आणि काउंटरवरून उत्तर मिळालं, “आजी, लिंक नाही. उद्या या.” काचेला पुठ्ठा चिकटवला होता, त्यावरही मार्करने तेच: ‘लिंक नाही’. मंगळवारी सकाळी मी डबा भरत होते, तेवढ्यात आतून हाक आली, “अगं, लिंक आली बघ! काल नव्हती ना, आज मोबाइलवरच आली.” जाऊन पाहते तर मेसेज. केवायसी अपूर्ण आहे, खातं आज बंद होईल, खालील लिंकवर जा. आईचं बोट स्क्रीनपासून इंचभर लांब होतं.

आई अडाणी नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलंय तिने, पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत वाचते. ‘अनोळखी लिंक उघडू नका’ हे वाक्य तिलाही पाठ आहे. पण तिच्या लेखी ही लिंक अनोळखी नव्हतीच. आदल्याच दिवशी बँकेने तोंडी आणि लेखी सांगितलं होतं की लिंक नाही. म्हणजे ती यायची होती, आणि ती आली. शिवाय मागे याच खिडकीवर तिने ‘आधार लिंक’ केलं होतं. म्हणजे एकाच बँकेच्या कामात एका शब्दाचे तीन अर्थ.

तुमच्या घरात, ऑफिसात या तिन्ही गोष्टींना काय म्हणतात? वेगळे शब्द आहेत का? मला खरंच हवे आहेत.

मुलुंड

मी बँकेतून निवृत्त झालो. ‘लिंक नाही’ची पाटी मी स्वतःच्या हाताने कितीदा लावली असेल. तुमच्या आईंची हकिकत वाचून दोन दिवस तीच मनात घोळतेय.

हा शब्द काउंटरवर कसा आला ते सांगतो. पूर्वी प्रत्येक शाखेची खाती शाखेतच असत, जाडजूड लेजरमध्ये. बाहेरची लाइन बंद पडली म्हणून खातेदार परत गेला, असं होत नसे. कारण कामाला बाहेरची लाइन लागतच नव्हती. कोअर बँकिंग आलं आणि सगळी खाती एका मोठ्या केंद्रात गेली. पासबुकावर एक ओळ छापायची तरी शाखेतला संगणक त्या केंद्राला विचारणार. तिथवर जायला टेलिफोन कंपनीकडून घेतलेली खास लाइन असे, आणि ती बंद पडली तर काही शाखांना गच्चीवरची उपग्रहाची डिश. कॉम्प्युटरवाले तिला लिंक म्हणायचे. प्रायमरी लिंक, बॅकअप लिंक. त्यांच्या तोंडून आमच्या तोंडी आणि आमच्याकडून पाटीवर. मधे कोणीही थांबून विचार केला नाही की समोरच्याला यातून काय कळेल.

‘लिंक गेली’ म्हटल्यावर “माझे पैसे गेले का हो?” असं घाबरून विचारणारे खातेदार मी पाहिलेत. पैशाला काही झालेलं नसतं, फक्त शाखेचा केंद्राशी संपर्क तुटलेला असतो. पाटीवर हेच लिहायला हवं होतं: ‘शाखेचा संपर्क तुटला आहे’. शब्द दोन वाढतात, एवढंच.

गिरगाव

तिन्हींना मराठी शब्द आहेत आणि ते आजचे नाहीत. लाइन तुटली तर ‘संपर्क’. आधारला ‘जोडणं’, नळजोडणी, वीजजोडणी आपण रोज म्हणतो, मग ‘आधार खात्याला जोडलं’ यात अडचण काय? आणि मोबाइलवर येतो तो ‘दुवा’. साखळीतल्या दोन कड्यांना जोडणारा तो दुवा, दोन माणसांना जोडणाराही दुवाच. वडीलधाऱ्यांचा दुवा घेतात तो मात्र अरबी दुआवरून आलेला, वेगळा शब्द.

पण सगळं खापर शब्दावर फोडू नका. हे आपण आधीही केलंय. समुद्राखालून मुंबईला तार जोडली गेली १८७० साली. एडनपासून इथवरची ती केबल ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने टाकली. त्या काळी ‘तार’ म्हणजे खांबावरची तारही आणि दारात येणारा कागदही. ‘तार तुटली’ आणि ‘तार आली’ यांत कोणाचा घोटाळा झाला नाही. तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, तोवर दोन्ही अर्थ सुखाने नांदले. भाषा असंच करते. वाटेचं नाव वाटेवरून येणाऱ्याला देते.

लालबाग

तारेचं उदाहरण मनापासून आवडलं, पण त्यातच माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे असं वाटतं. तार कोण आणायचं? पोस्टाचा माणूस. गणवेशात, सायकलवर, गल्लीतल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तो सही घ्यायचा आणि जायचा. आजीच्या घरी तार आली की रडारड व्हायची, कारण तार म्हणजे बहुधा वाईट बातमी. पण त्या कागदाने कधी कोणाकडे काही मागितलं नाही. वाचला की त्याचं काम संपलं. लिंक तुमच्याकडून काहीतरी करून घेते. आणि तिला आणणारा माणूस दिसत नाही.

वर्सोवा

थोडं आडवळण, पण आमच्या किनाऱ्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. मुंबईकराच्या कानावर ‘लिंक’ हा शब्द मोबाइलच्या कितीतरी आधी पडला, तो रस्ता म्हणून. लिंक रोड, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, २००९ला सुरू झालेला सी लिंक. आमच्यासाठी लिंक म्हणजे सरकारने बांधलेली, भरवशाची, बिनधास्त जायची वाट. ‘या लिंकवर जा’ हे वाक्य म्हणून इथे विशेष सहज पचतं, असं मला वाटतं.

आणि खरी सी लिंक वाळूखाली आहे. परदेशातून येणाऱ्या इंटरनेटच्या केबल देशात मोजक्याच शहरांत किनाऱ्याला लागतात; त्यांत मुंबई मोठी, आणि मुंबईत वर्सोवा. खोल समुद्रात ही केबल बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढी असते. किनाऱ्याजवळ तिला पोलादी तारांचं चिलखत चढवतात, कारण तिचे बहुतेक बिघाड जहाजांच्या नांगरांनी आणि मासेमारीच्या जाळ्यांनी होतात. २००८च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ भूमध्य समुद्रात केबल तुटल्या आणि इथल्या ऑफिसांत पानं उघडेनात. २०२५च्या सप्टेंबरात जेद्दाजवळ लाल समुद्रात पुन्हा तेच. दोन्ही वेळा आपण एवढंच म्हणालो, “नेट स्लो आहे.” घरातला राउटर बंद पडला तरी नेट गेलं, केबलवाल्याची वायर उंदराने कुरतडली तरी नेट गेलं, लाल समुद्रात केबल तुटली तरी नेट गेलंच. कुठे काय तुटलंय हे सांगणारे शब्दच आपण वापरत नाही, म्हणून दुरुस्तीसाठी कोणाच्या मागे लागायचं तेही कळत नाही.

घाटकोपर

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. स्टेशनजवळ असल्यामुळे दिवसभर काका-काकू फोन घेऊन येतात. मला वाटतं, नामावर अडू नका, क्रियापदाकडे बघा.

लिंक ‘उघडली’, लिंक ‘दाबली’, आधार लिंक ‘केलं’, इथवर घोटाळा नाही. क्रियापदच अर्थ सांगतं. घोटाळा एकाच जागी आहे: ‘आली’. बँकेची लिंकही येते, मोबाइलवरची लिंकही येते. आजींना फसवत होतं ते हे ‘आली’.

मराठीत येतं काय काय? पाणी येतं. लाइट येते. पगार येतो. नळाला पाणी आलं की आपण ‘कोणी पाठवलं?’ असं विचारत नाही, बादल्या लावतो. चाळीत तर पहाटे उठून लावतो, कारण ते पुन्हा जाणार असतं. येणाऱ्या गोष्टीला पाठवणारा नसतो आणि ती लगेच धरायची असते, ही आपली रोजची सवय. मग ओटीपी ‘येतो’, लिंक ‘येते’, फोन ‘येतो’ असं म्हणतो तेव्हा तीच सवय पुढे चालू राहते. म्हणून मी दुकानात एकच करतो. कोणी म्हणालं, “लिंक आली आहे,” की मी म्हणतो, “काकू, आली नाही, कोणीतरी पाठवली. कोणी?” फक्त क्रियापद बदलायचं. ‘पाठवली’ म्हटलं की कर्ता शोधावाच लागतो, वाक्य अडून राहतं. बऱ्याच जणी तिथेच थबकतात. फोन परत पर्समध्ये जातो.

दादर

घाटकोपरच्या भाऊंचं म्हणणं शंभर टक्के पटलं. फक्त पुढचा प्रश्न उरतो: पाठवली कोणी, हे आजींनी ओळखायचं कसं? आणि बँकांनाही जबाबदार धरायला हवं. वर्षानुवर्षं ‘लिंक दाबू नका’ सांगायचं आणि ऑफरच्या मेसेजमध्ये स्वतःच लिंक पाठवायची, मग माणसाने काय शिकायचं?

एक गोष्ट त्यातल्या त्यात बरी झाली. बँकांनी आपली संकेतस्थळं ‘बँक डॉट इन’ असा शेवट असलेल्या पत्त्यावर न्यावीत असं रिझर्व्ह बँकेने सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हा शेवट ऐऱ्यागैऱ्याला विकत मिळत नाही. आता हे वाचायचं कसं, ते मी सासऱ्यांना पाकिटावरच्या पत्त्यावरून समजावलं. पाकिटावर वर काहीही लिहिता येतं: शिवाजी पार्क, मोठी बँक, मुख्य कार्यालय. पत्र जातं ते शेवटच्या ओळीतल्या गावाला. तसंच इथे. सुरुवातीच्या दोन तिरक्या रेघा सोडा, त्यानंतरची पहिली तिरकी रेघ शोधा आणि तिच्या लगेच आधीचा तुकडा वाचा. तेच गाव. बँकेचं नाव त्याच्या डावीकडे कितीही वेळा लिहिलेलं असो, गाव दुसरं असेल तर पत्र दुसरीकडेच जाणार.

पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चित्राचंही तसंच. कुलूप म्हणजे तुमच्यात आणि समोरच्या संकेतस्थळात चाललेलं बोलणं वाटेत कोणाला वाचता येत नाही, एवढंच. समोरचा चोर असला तर चोराशी गुप्त बोलणं झालं. लोक कुलपाचा अर्थ ‘विश्वासू’ असा घेतात, म्हणून क्रोम ब्राउझरने २०२३मध्ये ते चित्रच काढून टाकलं. मराठीत आपण ‘सुरक्षित’ हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरतो. वाटेतलं बोलणं झाकलेलं आहे ते ‘बंदिस्त’ आणि समोरचा खरा आहे तो ‘खात्रीचा’, असे दोन वेगळे शब्द रुळले तर मला फार हवे आहेत.

आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका, घरच्यांपासून लपवू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

लालबाग

काल सुट्टी काढून आईबरोबर बँकेत गेले. मुलुंडच्या काकांचं वाक्य कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेलं होतं, खाली आईने स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ जोडली: ‘यासाठी मोबाइलवर काहीही पाठवलं जाणार नाही.’ शाळेतल्या फळ्यावरचं तिचं ते अक्षर. मॅनेजरबाईंनी दोनदा वाचलं, म्हणाल्या, “ठेवते मी.” त्या वेळी लिंक चालू होती, त्यामुळे पाटी लावायची वेळच आली नाही. पासबुक भरून मिळालं.

‘दुवा’ आईला पटला नाही. “मोबाइलवाल्याला मी कशाला दुवा देऊ?” म्हणाली. ‘पाठवली’ मात्र तिने लगेच उचललं. रात्री मावशीशी फोनवर बोलताना तिला दटावत होती, “आली आली काय करतेस, पाठवली म्हण.”

घाटकोपर

ताई, आजींना माझा नमस्कार सांगा.

आणि मंडळी, पुढचा शब्द मी ठेवतो. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळीकडे आपण विचारतो, “भाऊ, स्कॅनर कुठाय?” तो चौकोनी ठिपक्यांचा स्टिकर दाखवतो. स्कॅनर तर आपला फोन असतो. स्टिकर म्हणजे नुसता पैसे कुठे पाठवायचे त्याचा पत्ता. परवा दुकानात एका मुलाला कोणीतरी सांगितलं होतं, “स्कॅनर पाठवतो, स्कॅन कर, पिन टाक, पैसे तुझ्या खात्यात येतील.” पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात, घ्यायला पिन लागत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. या स्टिकरला सरळ ‘पत्ता’ म्हणावं का? की तुमच्याकडे दुसरा शब्द आहे?