घटस्फोटाच्या वकिलाची पहिली भेट: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-७०२: नात्यातल्या एका मुलीने पुण्यात घटस्फोटाच्या वकिलांची शनिवारची वेळ घेतली आहे. सोबत काय न्यायचं, तिथे काय विचारतात? ग्रुपवर जाणकार आहेत म्हणून विचारते.

सी-१०४: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.

बी-३०४: काका, ती अजून वकिलाच्या ऑफिसचीच पायरी चढतेय 🙂
ताई, पहिल्या भेटीतला निम्मा वेळ "मग तो म्हणाला, मग मी म्हटलं" यातच जातो. त्यापेक्षा एका पानावर नुसत्या तारखा लिहून न्याव्यात. लग्न कधी, कुठे झालं, शेवटचं एकत्र कुठे राहिले, वेगळे कधीपासून, मुलांचे जन्म, पोलिसांत काही दिलं असेल तर कधी.
वेगळं राहायला लागल्याची तारीख सगळ्यात महत्त्वाची. हिंदू विवाह कायद्यात परस्परसंमतीसाठी किमान १ वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि "सोडून गेला" या कारणासाठी सलग २ वर्षं. वेगळं म्हणजे घरं दोन हवीत असं नाही, नवरा-बायको म्हणून राहत नसणं पुरेसं.

ए-७०२: लग्नाला दहाच महिने झालेत.

बी-३०४: मग हे आधीच कळलेलं बरं. लग्नाला वर्ष होईपर्यंत अर्ज घेत नाहीत. फारच असह्य परिस्थिती असेल तर कोर्टाची वेगळी परवानगी मागता येते, पण ती सहज मिळत नाही. मारहाण होत असेल तर मात्र थांबायचं कारण नाही, कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याला ही अट नाही. आणि घर सोडण्याआधी वकिलाशी बोलावं. जिवाला धोका असेल तर आधी बाहेर पडायचं, ११२ किंवा १८१ ला फोन करायचा.

ए-२०३: कागद मी सांगतो. लग्नपत्रिका, विवाह नोंदणीचा दाखला, दोघांचे आधार. पैशाचे म्हणाल तर ३ वर्षांची आयकर विवरणपत्रं, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, घराचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), कर्जाचं स्टेटमेंट. नवऱ्याचे जे हाताशी असतील तेही. सगळ्याच्या झेरॉक्स द्यायच्या, मूळ कागद कुणालाही नाही.
पोटगी मागितली की दोन्ही बाजूंना उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं (सर्वोच्च न्यायालय, २०२०). त्यात लपवलेली एफडी पुढे स्टेटमेंटमधून निघते आणि मग खऱ्या बोलण्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही. जॉइंट खातं रिकामं करण्याचा सल्ला नातेवाईक हमखास देतात, तो ऐकू नये.
दागिन्यांची यादी वेगळी करावी: वस्तू, वजन, कुणी दिली, आत्ता कुणाच्या लॉकरमध्ये. पावत्या नसतील तर लग्नाच्या अल्बममधले ते फोटो काढून ठेवावेत ज्यात पाटल्या, हार नीट दिसतात.

डी-५०१: आणि मोबाइल! व्हॉट्सअ‍ॅपचे नुसते स्क्रीनशॉट काढून चॅट उडवतात, मग रडतात. आख्खं चॅट एक्सपोर्ट करा, ज्या फोनवर आलंय तो जपा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. नवऱ्याच्या फोनमध्ये गुपचूप अ‍ॅप टाकणं, त्याचं मेल उघडणं असले उद्योग नकोत, उलटा गुन्हा अंगावर येतो.

ए-७०२: तिची आई सोबत जाणार म्हणतेय.

बी-३०४: बाहेर बसू दे काकूंना. शरीरसंबंध, आजार, दुसरं कुणी आहे का, हे सगळं विचारतात, आणि आईसमोर मुली अर्धंच सांगतात. वकिलाला सांगितलेलं गोपनीय असतं, कायद्यानेच. स्वतःच्या विरुद्ध जाणारं तर आधी सांगावं. रागात पाठवलेला एखादा मेसेज उलटतपासणीत पहिल्यांदा कळला तर वकील काहीच करू शकत नाही.

ए-११०: किती दिवसांत निकाल लागतो?

बी-३०४: संमतीने असेल तर पहिल्या अर्जानंतर ६ महिन्यांनी दुसरा टप्पा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर ही मुदत माफ होऊ शकते, पण दीड वर्ष वेगळे राहिलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा सगळं मिटलेलं असावं. एकाला नको असेल तर वर्षं लागतात. "संसार मोडलाच आहे" एवढ्यावर कौटुंबिक न्यायालय घटस्फोट देत नाही, ते फक्त सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खाली करू शकतं. भांडणाच्या केसला "सहा महिन्यांत करून देतो" म्हणणारा वकील दिसला की नमस्कार करून उठावं.

डी-५०१: फी लेखी घ्या. एकरकमी की टप्प्याटप्प्याने, पोटगीचा अर्ज धरून की वेगळा, टायपिंग-नोटरी कुणाकडे. पोटगीतला अमुक टक्के मागितला तर ते बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. वकीलपत्रावर (वकिलाला केस चालवायचा अधिकार देणारा कागद) त्याच दिवशी सही करायची घाई नको. कोऱ्या कागदावर तर नाहीच.

ए-११०: माझा भाचा अमेरिकेत आहे. तिथेच घेतला तर चालतो का?

बी-३०४: दोघांनी मान्य केला असेल तर सहसा अडत नाही. एकट्याने तिथल्या कारणावर घेतलेला इथे टिकेलच असं नाही, १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. त्यांनी इथला आणि तिथला, दोन्ही वकील गाठावेत.

ए-७०२: मुलगी माहेरी पुण्यात आहे, लग्न नागपूरला झालं. केस कुठे?

बी-३०४: बायको जिथे राहते तिथे ती दाखल करू शकते, त्यामुळे पुणे चालेल. केस आधी विवाह समुपदेशकाकडे जाते, तिथे वकील नाही, स्वतःलाच बोलावं लागतं. आणि पोटगीचा अर्ज रेंगाळू देऊ नका, रक्कम अर्जाच्या तारखेपासून धरतात, आधीचे महिने बुडाले.

ए-७०२: फी झेपणार नाही बहुतेक.

डी-५०१: जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिलांना उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. हेल्पलाइन १५१००. पुढे वकील बदलावासा वाटला आणि फी बाकी असली, तरी फाइल अडवून ठेवता येत नाही.