मदत हवी आहे : स्वभाव उलगडणाऱ्या उपमांची उदाहरणे

नमस्कार. सोलापुरात अकरावीच्या मुलांना व्यक्तिचित्रण शिकवताना एक अडचण सतत जाणवते. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द ही उपमेची चारही अंगे त्यांना तोंडपाठ आहेत. परंतु लिहायला बसले की चंद्रासारखे मुख आणि कमळासारखे डोळे यांपलीकडे फारसे कोणी जात नाही. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात, कोरडे लाकूड सहज पोखरणारा भुंगा जसा कोवळ्या कळीत अडकून पडतो, तसा अर्जुन स्नेहापुढे अडकला, असे सांगितले आहे. त्या एका उपमेत त्याचे सामर्थ्य आणि त्याची हतबलता दोन्ही येतात, आणि मला नेमके हेच मुलांपर्यंत पोहोचवायचे आहे. यंत्रमागावर काम करणाऱ्या वडिलांविषयी एका मुलीने मात्र लिहिले, की बाण्याचा धागा तुटताच माग थांबावा, तसे बाबा बोलता बोलता थांबतात. (वाचून फार समाधान वाटले.) पात्राच्या कामातून किंवा परिसरातून आलेल्या अशा उपमा मराठी कथा-कादंबऱ्यांत आपल्याला कुठे आढळल्या आहेत? कृपया पुस्तकाचे नाव आणि शक्य असल्यास मूळ वाक्य कळवावे. ग्रामीण आणि दलित साहित्यातील उदाहरणे मिळाल्यास विशेष उपयोग होईल.